आमच्या बाबांना चित्र बघू द्या: एका गॅलरीला खुलं पत्र

प्रति,
ज्या गॅलरीत मागच्या रविवारी आम्ही अमूर्त चित्रांचं प्रदर्शन बघायला आलो होतो तिथले क्युरेटर आणि व्यवस्थापक मंडळी,

नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. एक तर मला तुमचा पाणउतारा करायचा नाहीये, आणि दुसरं म्हणजे हे वाचून आणखी दहा गॅलऱ्यांना वाटलं की हे आपल्याबद्दलच लिहिलंय तर बरंच आहे. आधी तुमच्या अभिप्रायाच्या वहीतच लिहायला घेतलं होतं, पण तिथे वर छापलंय "तुमचा अनुभव एका शब्दात". एका शब्दात बसेना. मग ईमेल केला, आत बसायला काहीच का नाही म्हणून. चौथ्या दिवशी उत्तर आलं, की बाकं काढून टाकायचा निर्णय विचारपूर्वक घेतलाय, बसलेली माणसं फोटोत येतात, मोकळ्या जागेचा इफेक्ट जातो आणि "व्हिजिटर फ्लो", म्हणजे लोकांचं पुढे सरकत राहणं, बिघडतो. ते उत्तर वाचल्यापासून डोक्यात भुणभुण चालू आहे म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी काही चित्रकलेतली जाणकार वगैरे नाही. नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी प्रदर्शनं बघते, अमूर्त चित्रं आवडतात पण का आवडतात ते विचारलं तर ततपप होतं. यावेळी बाबांना घेऊन आले होते. बाबा बोर्ड पेंटर. होते म्हणावं लागेल आता. चाळीसेक वर्षं दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागची अक्षरं असं सगळं हाताने रंगवलं, मग फ्लेक्स आला आणि एकेक काम कमी होत होत बंदच झालं. त्यांना मी म्हटलं चला, नुसत्या रंगाची चित्रं आहेत, आकार बिकार काही नाही. ते म्हणाले आकार नाही तर बघायचं काय? पण आले. धुतलेला शर्ट घालून आले.

पहिल्या तीन-चार चित्रांपाशी ते थांबलेच नाहीत. माझा जीव खालीवर, उगाच आणलं यांना असं वाटायला लागलं. मग ते मोठं राखाडी-हिरवं चित्र आलं, मधल्या भिंतीवरचं, आणि बाबा जे उभे राहिले ते हलेचनात. मी पुढची सगळी खोली बघून परत आले तरी तिथेच. मला म्हणाले, "हा लाल बघ." मला लाल दिसेचना. डाव्या कडेला, अगदी नखाएवढ्या रुंदीची एक लाल फट होती. "हा लाल आधी सगळीकडे होता. वर दोन हात हिरव्याचे मारलेत, मग ओलं असतानाच पट्टीने ओढून काढलंय, मग परत राखाडी पातळ करून सोडलंय. आणि इथे मात्र लाल ठेवलाय. विसरला नाही, ठेवलाय. ह्या माणसाला घाई नव्हती."

मी इतकी वर्षं प्रदर्शनं बघतेय, भिंतीवरचे परिच्छेदच्या परिच्छेद वाचलेत, पण असं एकही वाक्य कधी कुठे वाचलं नव्हतं. त्यानंतर मलाही ते चित्र दिसायला लागलं. राखाडीच्या खालून तो लाल सगळीकडे धुगधुगत होता, आधी मला तो रंग नुसता मळकट वाटला होता.

मग बाबा खाली बसले. उकिडवे, चित्राच्या उजव्या बाजूला, मान तिरकी करून. पाटी रंगवून झाली की ते कायम असंच बघायचे, तिरक्या उजेडात, म्हणजे कुठे रंग जाड बसलाय, कुठे ब्रशचा केस राहिलाय, कुठे ओघळ आलाय ते कळतं. लहानपणापासून त्यांना असं बसलेलं बघितलंय मी. तर तेवढ्यात तुमचा सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "काका, इथे बसता येत नाही, उठा." त्याच्या मागून तुमच्या गॅलरीचं कार्ड गळ्यात असलेली एक मुलगी आली, तिने मला विचारलं, "तुम्ही कलेक्टर आहात का? की फक्त बघताय?" कलेक्टर म्हणजे चित्रं विकत घेऊन जमवणारे. आणि फक्त!

आणि मी काय केलं? मी बाबांना म्हटलं, "उठा ना बाबा, लोक बघतायत." हे मला लिहायलाच हवं कारण सगळा दोष तुमच्यावर ढकलून मोकळं व्हायचं नाहीये मला. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, जरा वेळ लागला. मग म्हणाले चल जाऊ.

जाताना बाहेरच्या पॅसेजमध्ये दोन गुबगुबीत खुर्च्या दिसल्या. अख्ख्या गॅलरीत बसायला तेवढीच सोय. कशासमोर होत्या त्या, तर त्याच राखाडी-हिरव्या चित्राच्या मोठ्या केलेल्या प्रिंटसमोर, वर लिहिलेलं "सेल्फी पॉइंट". बाबांनी बोटाने कड चाचपली आणि म्हणाले, "फ्लेक्स." बाकी काही नाही बोलले. बसलेही नाहीत.

आता मुद्द्यांवर येते, क्रम महत्त्वाचा नाहीये.

१. बाक. तुम्ही म्हणता फ्लो बिघडतो. अहो पण चित्राच्या प्रदर्शनात फ्लो कशाला हवाय, ते काय तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग आहे का? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजून २००१ साली एक अभ्यास छापला गेला होता, सरासरी आली २७ सेकंद, आणि ती सुद्धा नावाजलेल्या चित्रांसमोर. म्हणजे माणसं आधीच पळतायत, त्यांना आणखी पळवायला तुमची मदत लागत नाही. आणि अमूर्त चित्राचं कसं आहे, त्यात ओळखण्यासारखं काही नसतं. घोडा आहे, बाई आहे, बोट आहे, असं ओळखून पुढे जाता येत नाही, म्हणून त्याला वेळच द्यावा लागतो, डोळे स्थिरावावे लागतात. ॲड राइनहार्ट या अमेरिकन चित्रकाराची काळी चित्रं घ्या, १९६० नंतरची, पाच फूट बाय पाच फूट. पहिल्या नजरेत सपाट काळी. थांबलात तर त्या काळ्यात एक क्रॉस हळूहळू वर येतो कारण काळे एकसारखे नाहीत, एकात किंचित लाल आहे, एकात निळा. ते दिसायला मिनिटं लागतात. साठी ओलांडलेल्या माणसाने ती मिनिटं कुठे घालवायची, उभ्या उभ्या? अमेरिकेत ह्यूस्टनला मार्क रॉथ्को या चित्रकाराची चित्रं असलेलं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर आहे, १९७१ साली उघडलं, आत १४ मोठे गडद कॅनव्हास आणि मधोमध काय तर साधी लाकडी बाकं. तिथे माणसं तासन् तास बसतात. इफेक्ट गेल्याची तक्रार कुणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

२. उजेड. त्या राखाडी-हिरव्या चित्राचा खालचा उजवा कोपरा आम्हाला दिसलाच नाही. तुम्ही पुढे चकचकीत ॲक्रिलिकचं शीट लावलंय आणि स्पॉटलाइट जवळजवळ समोरून सोडलाय, त्यामुळे त्या कोपऱ्यात दिव्याचं प्रतिबिंब आणि मागच्या माणसांचे बूट. बाबा म्हणाले लाइट वरून पडू दे की, समोरून कशाला? मी घरी येऊन वाचलं तर म्युझियमवाले साधारण तेच करतात, सरळ खाली सोडलेल्या रेषेपासून ३० अंशांच्या आसपासचा कोन धरतात म्हणजे चकाकी डोळ्यात येत नाही आणि चौकटीची सावलीही फार पडत नाही. शीट लावायची कारणं असतील तुमची, मान्य. २००७ साली फ्रान्समध्ये आविन्योंला एका बाईंनी साय ट्वॉम्ब्ली या चित्रकाराच्या पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासचा मुका घेतला होता, लिपस्टिकचा डाग काही केल्या निघेना, प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे माणसांचा भरवसा नाही हे खरंय. पण मग चकाकी न मारणारं शीट मिळतं ते लावा, नाहीतर निदान दिवा तरी हलवा, दिवा हलवायला एक शिडी आणि पाच मिनिटं लागतात, हे मी नाही बाबा म्हणतात आणि त्यांचं अर्धं आयुष्य शिडीवर गेलंय.

३. चित्राशेजारची चिठ्ठी. ती नव्हतीच, क्यूआर कोड होता. बाबांचा फोन बटणांचा. माझ्या फोनवर उघडलं तर आधी नाव, नंबर, ईमेल मागितला, मग कळलं काय तर "अनटायटल्ड ७, मिक्स्ड मीडिया". शीर्षक नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही हां, चित्रकाराला शब्द चिकटवायचे नसतील तर तो त्याचा हक्क आहे. पण मिक्स्ड मीडिया, एकाहून जास्त प्रकारचं साहित्य, म्हणजे नेमकं काय? बाबांचा एकच प्रश्न होता, हा ऑइल आहे की प्लॅस्टिक? कारण त्यांच्या मते तो हिरवा ऑइल असेल तर वरचं राखाडी पाण्यातलं असूच शकत नाही, तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, आज ना उद्या पापुद्रे सुटणार. प्रश्न बरोबर होता, अगदी चित्रकाराच्या पोटातला होता. तुमच्याकडे उत्तर देणारं कुणी नव्हतं. कार्डवाल्या मुलीला विचारलं तर तिने किमतीची यादी आणून दिली.

४. भिंतीवरचा मजकूर. इंग्रजीत होता, हरकत नाही, मी बाबांना मराठीत सांगायला सुरुवात केली. "हा चित्रकार अवकाशाच्या अनुपस्थितीतून उपस्थितीच्या शक्यतांची चौकशी करतो." इथपर्यंत आले आणि थांबले, कारण मलाच कळेना मी काय बोलतेय. बाबा म्हणाले, "चौकशी तर पोलीस करतात." शेजारचे दोघं हसले. मीही हसले. पण वाईट याचं वाटतं की ज्याने इतक्या सबुरीने तो लाल राखला त्याच्याबद्दल चारशे शब्द लिहिले आणि त्यात रंग हा शब्द एकदाही नाही. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि रंग ओढायची सुरी वापरून रंगाचे थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे आणि वर्षभरात मोजकीच चित्रं पुरी करायचे, एवढं एक साधं वाक्य कुणी सांगितलं तरी माणूस त्यांच्या चित्रासमोर वेगळ्या नजरेने उभा राहतो. असं वाक्य लिहिणं अवघड आहे हे मला कळतं, मला स्वतःलाही येत नाही, पण बाबांना आलं ना?

५. "कसंही लावलं तरी चालतं." हे तुमचा स्टाफ म्हणाला नाही, एक प्रेक्षक म्हणाला, बाबांकडे बघून, गमतीत. काका काय बघताय एवढं, उलटं टांगलं तरी कुणाला कळणार नाही. तुमची माणसं तिथेच उभी होती आणि त्यांनीही दात काढले. तर गंमत म्हणून सांगते, मोंद्रियान या डच अमूर्त चित्रकाराचं एक चित्र खरंच पंचाहत्तरहून जास्त वर्षं उलटं लागत होतं. "न्यूयॉर्क सिटी १", १९४१ सालचं, लाल-निळ्या-पिवळ्या चिकटपट्ट्या लावून केलेलं, १९४५ साली न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये लागलं तेव्हापासून उलटं, आणि हे उघडपणे बोललं गेलं २०२२ साली, जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात. कशावरून कळलं? एक म्हणजे चित्रकाराच्या स्टुडिओचा १९४४ सालचा फोटो, त्यात चित्र ईझलवर, म्हणजे चित्राच्या स्टँडवर, दुसऱ्या बाजूने उभं आहे. आणि दुसरं म्हणजे त्या पट्ट्याच. काही पिवळ्या पट्ट्या एका टोकाला कडेच्या थोड्या अलीकडेच संपतात, म्हणजे माणूस वरून चिकटवत खाली आला असणार आणि ते टोक खालचं असणार. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? टेप वरूनच लावतात." त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. आता ते चित्र तसंच उलटं ठेवलंय कारण फिरवलं तर जुन्या पट्ट्या निसटतील अशी भीती. लोक हे ऐकून म्हणतात बघा, तज्ज्ञांनाही कळलं नाही, म्हणजे सगळं थोतांड. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. एवढी वर्षं कुणी नीट बघितलं नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांना पट्टीच्या टोकावरून वर-खाली कळलं. पण त्यासाठी थांबावं लागतं, वाकावं लागतं, कधी उकिडवं बसावं लागतं.

६. "कलेक्टर आहात का?" यावर मी फार लिहिणार नाही. विकत घेणारे नसते तर तुमचा खर्च निघाला नसता हे कळतं, प्रवेश मोफत होता त्याचीही जाणीव आहे. पण मोफत आत घेतलं म्हणून "फक्त" बघणारा हा अडथळा होत नाही. सरळ बोर्ड लावा ना मग, खरेदीदारांसाठीच. आम्ही येणार नाही.

थोडं चांगलंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. चित्रांमध्ये अंतर भरपूर सोडलं होतं, एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर येत नव्हता. बारीक आवाजातलं संगीत वगैरे लावलं नव्हतं, त्याबद्दल मनापासून आभार. आणि निवड, निवड खरंच उत्तम होती. म्हणून तर चिडचिड होतेय. भिकार चित्रं असती तर मी पाच मिनिटांत बाहेर पडले असते आणि हे पत्रही लिहिलं नसतं. रॉथ्को म्हणे सांगायचा की त्याची मोठी चित्रं दीडेक फुटावरून बघा, म्हणजे तुम्ही चित्रासमोर नाही तर चित्राच्या आत असता. तुम्ही एवढी चांगली चित्रं आणलीत आणि मग एकेक करून अशी व्यवस्था केलीत की आत कुणी जाऊच नये, बाहेरून फोटो काढावा आणि सरकावं.

हो, आणि लोक अमूर्त बघायला येत नाहीत असं तुमच्या ईमेलमध्ये शेवटी एक वाक्य होतं, म्हणून सेल्फी पॉइंट ठेवावा लागतो म्हणे. हिल्मा आफ क्लिंट नावाची स्वीडनची चित्रकार, १९०६ पासून अमूर्त चित्रं करत होती, अमूर्त चित्रांचा जनक म्हणतात त्या कँडिन्स्कीच्याही आधीपासून. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं तरी ही चित्रं कुणाला दाखवू नका असं सांगून ती १९४४ साली गेली. त्या बाईंचं प्रदर्शन २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमला लागलं तेव्हा सहा लाखांच्या वर लोक आले, त्या म्युझियमच्या इतिहासात तोवर सगळ्यात जास्त. येतात हो लोक. आल्यावर त्यांचं तुम्ही काय करता हा प्रश्न आहे.

तर मागण्या. फार नाहीत.

बाकं परत ठेवा. पाठ नसलेली, साधी, प्रत्येक खोलीत एक तरी. सगळी जागा रिकामीच हवी असेल तर घडीचे स्टूल दारात ठेवा, ज्याला हवं तो घेऊन फिरेल.

मधल्या भिंतीवरचा दिवा हलवा. हे आजच होण्यासारखं आहे.

क्यूआर कोड राहू द्या, पण बाजूला कागदाची चिठ्ठी लावा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि त्यावर खरं काय ते लिहा: कुठला रंग, कशावर, कशाने लावला. नाव-नंबर न मागता.

आठवड्यातून एखादा दिवस, तासभर का होईना, असं कुणीतरी बसवा ज्याला रंगाबद्दल विचारता येईल. चित्रकार स्वतः आला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर त्याच्या स्टुडिओत मदत करणारा मुलगा चालेल, त्याला जास्त माहीत असतं.

सुरक्षारक्षकांना सांगा की चित्रापासून लांब, कुणाच्या पायात न येता बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्या रक्षकावर कारवाई वगैरे अजिबात नको, तो बिचारा दिवसभर उभाच असतो, त्यालाही एक स्टूल द्या.

आणि त्या दोन गुबगुबीत खुर्च्या आत आणा. खऱ्या चित्रासमोर.

माफीबिफी नकोय. बाबांना तर मी हे पत्र लिहितेय हे पण माहीत नाही. परवा सहज विचारत होते, "ते हिरवं कधीपर्यंत आहे?" मी म्हटलं महिनाअखेरपर्यंत. मग काही बोलले नाहीत, पण काल माळ्यावरून जुना पत्रा काढून त्याला लाल रंगाचा हात मारून ठेवलाय, वाळायला. त्यांना आता तो खालचा उजवा कोपरा बघायचाय, तिथे राखाडी कुठे संपवलाय ते. दिवा हलवलात की त्याच ईमेलवर कळवा, मी त्यांना घेऊन येते.

आपली,
फक्त बघणारी एक